टाकीवरचं नाक

त्याचं आडनाव नाकाडे नव्हतं. कारखान्यात कुणीतरी ते चिकटवलं आणि ते इतकं चपखल बसलं की हजेरीच्या खिडकीवरचा कारकूनसुद्धा ‘नाकाडे, पुढे या’ असंच ओरडायचा. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. आणि ते नाकही लक्षात राहण्यासारखं होतं, लांब आणि शेंड्याला जरासं लाल. त्याच्या बायकोला मी वहिनी म्हणायचे. आमची घरं एकाच जिन्यावर, भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे बशी फुटली की आमच्याकडे मांजर दचकायचं.

युरेनियमच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच हॉलमध्ये होतो. तो वर, टाकीभोवतीच्या लोखंडी जाळीवर. मी खाली, फिल्टरवर. आमच्याकडे यायच्या आधी दगडाचं पीठ ॲसिडमध्ये भिजवून त्यातलं युरेनियम पाण्यात उतरवलेलं असायचं. ते पाणी आमच्या टाकीत यायचं ते स्वच्छ, पिवळसर आणि भयंकर आंबट. थेंब उडाला तर पँटीला भोक. जोवर ते आंबट आहे तोवर युरेनियम त्यात लपून बसतं. कितीही दिवस ठेवा, तळाला कणसुद्धा दिसायचा नाही. मग त्यात अमोनिया सोडायचा. आंबटपणा मरत जातो आणि एका टप्प्यावर पाणी एकाएकी गढूळ होतं, पिवळाधमक साका धरतो आणि हळूहळू खाली बसतो. तो साका म्हणजे आमचा माल. तो माझ्या फिल्टरच्या कापडावर यायचा.

सगळी मेख त्या टप्प्यात. अमोनिया कमी पडला, पाणी थोडं आंबट राहिलं, की युरेनियम पाण्याबरोबर कापडातून निसटतं आणि थेट टेकडीमागच्या सांडपाण्याच्या तळ्यात जातं. घाई करून अमोनिया भसाभस सोडला, तर साका इतका बारीक पडतो की शेवाळासारखा कापडाला लिंपून बसतो. आणि प्रमाणाबाहेर गेला, तर पाण्यात न मावलेला अमोनिया वाफ होऊन झाकणाखाली कोंडतो. हे सांगायला एक मीटर होता. पाण्याचा सामू दाखवायचा, म्हणजे पाणी किती आंबट आहे ते. आकडा लहान तर आंबट. सातच्या आसपास आला की हात आखडायचा. पण मीटरची काचेची कांडी टाकीत बुडालेली. तिच्यावर साक्याचा थर चढला की ती हट्टी पोरासारखी जुनाच आकडा धरून बसायची. म्हणून मीटरच्या जोडीला नाकाडे.

‘आंबट पाणी अमोनिया गिळतं,’ तो नव्या माणसांना सांगायचा. ‘ढेकरसुद्धा देत नाही. पोट भरलं की मग वास सोडायला लागतं. तो पहिला, चोरपावलानं येणारा वास ओळखायचा. दुसऱ्याची वाट बघायची नाही.’

टाकीच्या झाकणाला तळहाताएवढी खिडकी होती. ती सरकवून तो पुढे वाकायचा, पंजानं थोडी हवा नाकाकडे ओढायचा आणि म्हणायचा, ‘अजून जरा’ किंवा ‘बस’. इंजिनिअरबाई कांडी धुऊन पुन्हा मोजायच्या तेव्हा आकडा त्याच्या ‘बस’च्या आसपासच निघायचा. त्या हसायच्या. ‘नाकाडे, मीटर बिघडला तर दुरुस्तीला पाठवता येतो. तुम्हाला कुठे पाठवायचं?’

हॉलचा एक नियम होता. नमुना घ्यायला मोठं झाकण उघडायचं असेल, तर टाकीवाल्यानं आधी खिडकीतून वास घ्यायचा आणि मगच ‘उघड’ म्हणायचं. त्याच्या तोंडून तो शब्द निघाला की आम्ही डोळे मिटून झाकण उघडायचो. कुणाच्या मनात कधी पाल चुकचुकली नाही.

मग त्याला ती सर्दी झाली.

सर्दीच ती, कुणाला होत नाही? पंधरवडाभर तो नाक पुसत फिरला, बरा झाला आणि आम्ही विसरून गेलो. त्यानंतर माझ्या फिल्टरवर गोष्टी बिघडायला लागल्या. एखाद्या दिवशी साका कापडावर असा चिकटायचा की खरवडून खरवडून मनगटं भरून यायची. दुसऱ्या दिवशी साका छान मोकळा, पण खालून येणारं पाणी पिवळसर. त्या पाण्याला रंग असायला नको होता. मी फोरमनना बोलावून दाखवलं.

‘कापड फाटलंय,’ ते म्हणाले.

‘नवं कोरं आहे.’

‘मग नवं फाटलंय.’

मी कापड बदललं. पाणी तसंच पिवळं. ते पन्हळीतून तळ्याकडे जाताना बघत मी कितीतरी वेळ उभी राहिले.

त्याच सुमारास नाकाडे मला वर चहाला बोलवायला लागला. ‘ये गं, दोन मिनिटं बस.’ जाळीवर एक पालथी बादली होती, तिच्यावर मला बसवायचा, कप हातात द्यायचा आणि बोलता बोलता शेजारची ती खिडकी सरकवायचा. आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायचा. मी नाक मुरडलं की उठून व्हॉल्व्ह बंद करायचा. मला आपलं वाटलं, माणूस अगत्यशील आहे. घरी नवऱ्याला म्हटलंसुद्धा, ‘नाकाडे हल्ली माझ्याकडे फार टक लावून बघतो हं.’

नवरा म्हणाला, ‘त्याला चष्मा करायला सांग.’

आम्ही हसलो. भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते मला कितीतरी उशिरा कळलं, वहिनी बोलायला लागली तेव्हा.

एका दुपारी वहिनी कपडे वाळत घालून खाली आली तर दारातच गॅसच्या वासानं तिचा श्वास अडकला. वाऱ्यानं शेगडी विझली होती, गॅस सूं सूं करत वाहत होता आणि नाकाडे शेगडीपासून हातभर अंतरावर स्टुलावर बसून निवांत वाटाणे सोलत होता. तिनं झडप घालून बटण फिरवलं, खिडक्या उघडल्या.

‘अहो, वास नाही आला तुम्हाला?’

‘सर्दी आहे,’ तो म्हणाला.

सर्दी जाऊन महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्यापुढे दोन कप ठेवले. एकात पाणी, दुसऱ्यात पांढरं व्हिनेगर. दोन्ही सारखेच दिसत होते.

‘यातलं व्हिनेगर कुठलं, सांगा.’

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग एक कप उचलला, नाकाशी नेला, पंजानं हवा ओढली, अगदी टाकीवर ओढायचा तशी, आणि म्हणाला, ‘हे.’

ते पाणी होतं. तिनं तो कप त्याच्या हातातून घेतला आणि त्याच्यासमोर घटाघटा पिऊन टाकला. तो खाली बघत राहिला.

‘उद्याच फोरमनना सांगा.’

‘आणि मग मी कोण उरतो? नुसता मचाणावर चढवलेला म्हातारा. मीटर आहे ना. शिवाय वास परत येतो लोकांचा. डॉक्टरला विचारलंय मी.’

त्यानं विचारलं नव्हतं. तिला ते ठाऊक होतं. पण ती त्या दिवशी वेगळ्याच काळजीत होती. तिचा धाकटा भाऊ त्याच आठवड्यात कारखान्यात लागला होता, नाकाडेच्याच शब्दावर, आणि त्याला नमुने घेण्याचं काम मिळालं होतं. म्हणजे मोठं झाकण उघडण्याचं.

‘फोरमनना नका सांगू हवं तर,’ ती म्हणाली. ‘पण माझ्या भावाला सांगा. त्याला कळू दे, की झाकण उघडण्याआधी स्वतःच्या नाकानं बघायचं.’

‘सांगतो.’

‘शब्द द्या.’

‘दिला,’ तो म्हणाला आणि उरलेले वाटाणे सोलायला बसला.

मेहुणा मोठा गोड पोरगा होता. पोरगा कसला, लग्नाला आलेला गडी, पण ताईसमोर लहानच. येता-जाता शीळ घालायचा, माझ्या फिल्टरला ‘मावशी’ म्हणायचा, का ते त्यालाच माहीत. ‘दाजी, दाजी’ करत नाकाडेच्या मागे असायचा. पहिल्या दिवशी त्यानं नाकाडेला विचारलं होतं, ‘दाजी, मला कधी जमेल हो तुमच्यासारखा वास ओळखायला?’ मी खाली होते, मला ऐकू आलं. नाकाडे म्हणाला, ‘जमेल. घाई काय आहे?’

सांगायची तीच वेळ होती. तशा वेळा नंतरही पुष्कळ आल्या असतील. मेहुण्याच्या डोळ्यांतलं ते कौतुक एकदा पाहिल्यावर त्याची जीभ रेटली नाही, एवढंच मी म्हणू शकते. वहिनी रोज विचारायची, ‘सांगितलंत?’ तो रोज म्हणायचा, ‘सांगितलं.’

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी हवा दमट होती. टाकीवरची वाफ ओढून नेणारा पंखा घरघरत होता, पण त्याच्या नळात आतून थर साचून वाट बुजत आली होती. पंखा नुसताच फिरत होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. माझा फिल्टर उघडा पडला होता, मी कोपरापर्यंत पिवळ्या चिखलात. वरून नाकाडेनं हाक मारली, ‘चहा घेतेस का गं?’

‘आत्ता नको, हात भरलेत.’

तो जरा वेळ कठड्याशी उभा राहिला. ‘थोडाच घे,’ म्हणाला. मी मान हलवली. तो आत वळला.

मीटर पाणी अजून आंबट असल्याचं दाखवत होता. आकडा बराच वेळ हललाच नव्हता. नाकाडेनं व्हॉल्व्ह आणखी उघडला. पुन्हा थांबला, पुन्हा उघडला. पाण्यानं तर अमोनिया केव्हाच पोटभर घेतला होता, पण ते सांगणार कोण? मग मेहुणा लांब दांड्याचं ओगराळं घेऊन शीळ घालत शिडी चढला. तोंडाला धुळीचं फडकं बांधलेलं. गॉगल कपाळावर चढवलेला, कारण दमट हवेत काच धुरकटायची.

‘दाजी, उघडू?’

मी वर बघितलं, कशासाठी ते आता आठवत नाही. नाकाडेनं खिडकी सरकवली. पुढे वाकला. पंजा हलवला. पण तो नेहमीसारखा जवळ गेला नाही आणि त्याची छातीही भरली नाही. ते त्यानं पुढे वहिनीला सांगितलं: वास येतच नाही, तर श्वास ओढायचा कशाला? हात फक्त सवयीनं आणि बघणाऱ्यांसाठी हलला.

‘उघड,’ तो म्हणाला. ‘काही नाही.’

झाकण उचलल्याचा आवाज आला, आणि लगेच ओगराळं जाळीवर आपटून खणखणत खाली माझ्या पायाशी आलं. मेहुणा ओरडलासुद्धा नाही. त्याला ओरडायला श्वासच मिळाला नाही. तोंड दोन्ही हातांनी झाकून तो कठड्यावर आदळला. मी शिडीवर धावले. निम्म्यात पोचले असेन, तर छातीत कुणी निखारे ओतल्यासारखं झालं आणि मी घसरतच खाली आले. कुणीतरी व्हॉल्व्ह बंद करा म्हणून ओरडत होतं. त्या वाफेत नाकाडेनं मेहुण्याला काखेत धरून ओढलं, शिडीवरून जवळजवळ पाठीवर घेऊन उतरवलं आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली घालून स्वतःच्या बोटांनी त्याच्या पापण्या उघड्या धरल्या. ‘मिटू नकोस. बघ माझ्याकडे. बघ.’ त्याचे स्वतःचे डोळे गळत होते, खोकल्यानं तो वाकून जात होता, पण त्यानं बोटं हलू दिली नाहीत. गाडी येईपर्यंत तसाच बसून होता.

मेहुण्याचा एक डोळा गेला. दुसऱ्याला सावल्या दिसतात. समोर माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते कळत नाही.

चौकशी झाली. कांडीवर बोटभर जाडीचा थर निघाला, पंख्याचा नळ बुजलेला निघाला. नाकाडेला टेबलासमोर बसवलं, आम्हाला साक्षीला मागच्या बाकावर. इंजिनिअरबाईंनी विचारलं, ‘खिडकीतून तपासलं होतंत?’

‘तपासलं होतं.’

‘वास होता?’

‘मला नाही आला.’

टाइप करणाऱ्यानं टाइप केलं: वास नव्हता. यंत्राचा दोष. नाकाडेनं प्रसंगावधान राखून सहकाऱ्याचा जीव वाचवला, असंही एक वाक्य त्यात आलं. फोरमननी बाहेर येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. नाकाडे त्या थापेनं असा चरकला की थाप मारणाऱ्यानंच हात मागे घेतला.

दवाखान्यातून मेहुण्याला ताईच्याच घरी आणलं. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू यायचं नाही. शीळ नाही, भांडण नाही, नळसुद्धा हळू सोडल्यासारखा. वहिनीला दवाखान्यातच कळलं होतं. भाऊ तिला पहिलं वाक्य बोलला ते हे: ‘ताई, दाजींनी वास बघितला होता गं. मग असं कसं झालं?’ म्हणजे नवऱ्यानं शब्द पाळला नव्हता. तिनं भावाच्या डोक्यावर हात फिरवला. खरं काय ते घरी आल्यावरही त्याला सांगितलं नाही. नवऱ्याला वाढायची, भावाला भरवायची, आणि कुणाकडेच बघायची नाही.

नाकाडे मात्र मेहुण्याजवळ बसून राहायचा. कामावरून आला की त्याला पेपर वाचून दाखवायचा, खेळाच्या पानासकट. आणि मेहुणा मधूनच विचारायचा, ‘दाजी, त्या दिवशी वास खरंच नव्हता?’

‘मला नाही आला रे.’

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका संध्याकाळी मेहुण्याचा हात लागून औषधाच्या टेबलावरची स्पिरिटची बाटली लवंडली. झाकण सैल होतं. वास असा की भिंतीपलीकडे मला आला. नाकाडे कुठल्याशा सामन्याची बातमी वाचत होता. तो वाचतच राहिला.

मेहुण्यानं थोडी वाट बघितली. मग म्हणाला, ‘दाजी, काय सांडलं हो?’

‘कुठे काय सांडलं?’ नाकाडे म्हणाला आणि पान उलटलं.

मेहुण्यानं ती बातमी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग विचारलं, ‘कधीपासून?’

पेपरचा आवाज थांबला.

‘त्या सर्दीपासून,’ नाकाडे म्हणाला.

‘ताईला?’

वहिनी दारात उभी होती. ‘माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘तुला सांगितलंय असं मला वाटत होतं.’

मेहुण्यानं स्वतःचे बूट मागितले. भिंत चाचपत तो आमच्या दारी आला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाला, ‘मला मित्राकडे सोडाल का?’ पायात बूट उलटसुलट होते. ते नीट घालून द्यायला वहिनी मागोमाग जिन्यावर आली, पण त्यानं पाय मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी नाकाडे फोरमनच्या खोलीत गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. मोकळा झाला असं त्याला वाटलं. फोरमननी उठून दार लावलं.

‘अहवाल वर गेलाय,’ ते म्हणाले. ‘यंत्राचा दोष निघालाय. आता तुमच्या नाकापायी तो परत खाली आणू? किती जणांच्या गळ्याशी येईल, कल्पना आहे?’

‘मला टाकीवरून काढा.’

‘काढू. बदली माणूस मिळू दे.’

आणि त्याला पुन्हा टाकीवर पाठवलं. नवी कांडी बसवली होती, नळ साफ केला होता, काम थांबवून चालणार नव्हतं. पाळी सुरू झाली तेव्हा नाकाडे जाळीच्या कडेला आला, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाला, ‘मला वास येत नाही. माझ्या शब्दावर कुणी झाकण उघडू नका.’

हॉलमध्ये आम्ही बरेच जण होतो. सगळ्यांनी ऐकलं. कुणी वर बघितलं नाही. पंप चालू होते, टाकीत अमोनिया पडत होता, आणि लोक आपापल्या बुटांकडे बघत उभे होते. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तेच केलं. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसांत झाकण उघडायची वेळ आली की मी फिल्टर सोडून वर चढायचे. खिडकीशी मी जायचे, मलाही खात्री वाटायची नाही. आलेला वास आला नाही असं वाटायचं, न आलेला आला असं वाटायचं.

शेवटी इंजिनिअरबाईंच्या कानावर गेलं. त्या स्वतः शिडी चढून आल्या, त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘खाली चला, नाकाडे.’ त्याच दिवशी त्याला बुटांच्या खोलीत बसवलं. लोक पाळी संपवून येतात, बूट काढतात, तो ते धुऊन जोड्या लावून ठेवतो. अहवाल मात्र बदलला नाही. मी विचारलं होतं.

मेहुणा आता गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहतो. कुठल्याशा कार्यालयात फोन घेण्याचं काम करतो. वहिनी सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे डबा घेऊन जाते. ताईशी तो बोलतो. पहिल्यासारखं नाही, पण बोलतो. नाकाडेही तिच्याबरोबर जातो. आत जात नाही, जिन्याच्या वळणावर भिंतीला टेकून उभा राहतो.

पहिल्याच खेपेला मेहुण्यानं डबा उघडता उघडता विचारलं, ‘ते बाहेर आहेत ना?’

वहिनी चपापली. ‘तुला कसं कळलं?’

‘कारखान्याचा वास येतोय. बुटांचा.’

‘बोलावू आत?’

त्यानं जरा विचार केला. ‘नको,’ म्हणाला. ‘दार लाव.’

तिनं उठून दार लावलं. हे तिनं मला जिन्यात उभं राहून सांगितलं, आवाज अजिबात न बदलता. आता ते दोघं दर सुट्टीला जातात. नाकाडे वळणावर थांबतो. वहिनी आत जाते आणि भावानं सांगायच्या आधीच कडी घालते.